मावशीने पाठवलेला पांढरा सील

मार्च उजाडला की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मावशीने पाठवला. वर टपोऱ्या काळ्या डोळ्यांचं, कापसाच्या बोळ्यासारखं पांढरंशुभ्र सीलचं पिल्लू, खाली रक्ताने लाल झालेला बर्फ, आणि मध्ये मजकूर. थोडक्यात असा: कॅनडातले एस्किमो दरवर्षी लाखो नवजात सील काठीने ठेचून मारतात आणि जिवंतपणी सोलतात. सील नामशेष व्हायला आले आहेत. हे सगळं परंपरेच्या नावाखाली चालतं, पण बंदुका आणि स्नोमोबाईल वापरणाऱ्यांची कसली आली परंपरा? युरोपने बंदी घातली तीसुद्धा या लोकांना सूट देऊन, म्हणजे त्यांचं काहीच बिघडलं नाही. आणि परंपरा तर सतीचीही होती. बहिष्कार टाका, दहा जणांना पाठवा.

खाली मावशीने लिहिलं होतं, "तू तिकडेच असतोस ना? खरं आहे का रे हे?"

तिकडेच, म्हणजे कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्सला. इथे वसंतात बंदराच्या कडेला एखादी पिकअप उभी राहते आणि तिच्यातून सीलचे फ्लिपर विकले जातात. फ्लिपर म्हणजे सीलचे वल्ह्यासारखे पाय. प्लास्टिकच्या टबात काळपट लाल, जाड पंज्यांसारखे तुकडे रचलेले असतात, आणि मासळीबाजार व खाटीकखाना शेजारी शेजारी असावेत तसा वास येतो. म्हातारी माणसं थांबतात, दोन-चार घेतात, घरी कांदा घालून शिजवतात आणि वर पिठाचं झाकण लावून भाजतात. मी मांस खात नाही, त्यामुळे चवीचं विचारू नका. पण मेसेजमधलं काय खरं आणि काय खोटं, हे सांगण्याइतकं पाहिलं, ऐकलं आणि वाचलं आहे.

"एस्किमो लाखो नवजात पिल्लं मारतात."

या एका वाक्यात दोन वेगळ्या शिकारी एकत्र कालवल्या आहेत. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आधी शब्दाचं बघू. कॅनडातल्या त्या लोकांना 'एस्किमो' म्हटलेलं आवडत नाही, ते स्वतःला इनुइट म्हणतात. आता शिकार. बर्फावर रक्ताचे ओघळ आणि हातात हाकापिक (टोकाला लोखंडी आकडा बसवलेला दांडा) घेतलेले लोक, हे फोटो व्यापारी शिकारीचे आहेत. ती सेंट लॉरेन्सच्या आखातात आणि न्यूफाउंडलंड-लॅब्राडॉरच्या समोरच्या तरंगत्या बर्फावर होते. करणारे बहुतेक सगळे इथले मच्छीमार, आयरिश, इंग्रज आणि फ्रेंच वंशाचे. मारला जातो तो हार्प सील. इनुइट राहतात ते दूर उत्तरेला, आर्क्टिकमध्ये. त्यांचा रोजचा सील वेगळा, त्याचं नाव नत्सिक. अंगावर वर्तुळं असलेला, आकाराने लहान. तो कळपाने कापला जात नाही. बर्फात त्याने श्वास घ्यायला राखलेल्या भोकापाशी माणूस तासन् तास वाट बघतो, किंवा उघड्या पाण्यात नेम धरतो. एका वेळी एक.

आकड्यांचं म्हणाल तर 'लाखो' कधीकाळी खरं होतं. २००४ साली व्यापारी शिकारीत साडेतीन लाखांहून जास्त हार्प सील मारले गेले. २०११ मध्ये सरकारने चार लाखांची परवानगी दिली आणि प्रत्यक्षात मारले गेले चाळीस हजारांच्या आसपास, कारण कातडं घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

आणि पांढरं पिल्लू? त्याच्या व्यापारी शिकारीवर कॅनडात १९८७ पासून बंदी आहे. म्हणजे हा फोटो जवळजवळ चाळीस वर्षं जुन्या जगातला. पण इथे मी मेसेजवाल्याची थोडी बाजू घेतो. हार्प सीलची आई पिल्लाला जेमतेम बारा दिवस पाजते आणि निघून जाते. मग पांढरे केस गळायला लागतात, आणि तीन-चार आठवड्यांत करड्या ठिपक्यांची कातडी आली की ते पिल्लू मारायला कायद्याने मोकळं होतं. मारल्या जाणाऱ्यांत बहुसंख्य याच वयाचे, वर्षाच्या आतले. रंग बदलला, वय फारसं बदललं नाही. "आता पिल्लं मारत नाहीत" असं छातीठोकपणे सांगणारा सरकारी माणूसही शब्दाशी खेळतोच आहे.

"जिवंतपणी सोलतात."

यावर दोन अहवाल एकमेकांसमोर उभे आहेत, आणि ज्याला जो सोयीचा तो तेवढाच दाखवतो. २००१ मध्ये एका प्राणिसंरक्षण संस्थेबरोबर गेलेल्या पशुवैद्यांनी बर्फावरच्या सीलच्या कवट्या तपासल्या आणि लिहिलं की ४२ टक्क्यांमध्ये सोलताना तो प्राणी बेशुद्ध तरी होता असं खात्रीने म्हणण्याइतकी इजा दिसली नाही. पुढच्या वर्षी कॅनडातल्या पशुवैद्यांनी लिहिलं की त्यांनी पाहिलेल्यांपैकी ९८ टक्के सील मान्य होईल अशा रीतीने मरतात. २००७ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मधलं सांगितलं: सीलला झटकन, फारशा यातना न देता मारता येतं, पण प्रत्यक्षात दर वेळी तसं होतंच असं नाही.

२००९ पासून कॅनडाच्या नियमात तीन पायऱ्या आहेत. आधी घाव किंवा गोळी. मग कवटी हाताने चाचपून ती दोन्ही बाजूंनी फुटल्याची खात्री. मग पुढच्या पायांखालच्या रक्तवाहिन्या कापून किमान एक मिनिट थांबायचं, आणि त्यानंतरच सुरी लावायची. मेलेला सीलही पोहल्यासारखा हलतो, त्यामुळे कोंबडं कापल्यावर फडफडतं तसं व्हिडिओत दिसतं आणि बघणाऱ्याला तो जिवंत वाटतो. तरीही लाटांवर हेलकावणाऱ्या होडीतून सुटलेली प्रत्येक गोळी नेमकी लागते, असं शपथेवर कोणी म्हणणार नाही. तेव्हा "जिवंत सोलणं हीच तिथली पद्धत आहे" हे खोटं, आणि "यातना होतच नाहीत" हेही खोटं.

"सील नामशेष होत चाललेत."

हार्प सील नाही. १९७० च्या सुमारास वायव्य अटलांटिकमधली त्यांची संख्या वीस लाखांच्या खाली होती. अलीकडचे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत, पण चाळीस लाखांच्या खाली एकही नाही. कॅरिबियन मंक सील खरोखर संपला, कॅस्पियन सील संकटात आहे. पण त्यांचा या शिकारीशी संबंध नाही. हार्प सीलच्या मुळावर आता काही येत असेल तर ते पातळ होणारं बर्फ. ज्या वर्षी बर्फ लवकर फुटतं त्या वर्षी धड पोहता न येणारी पिल्लं मोठ्या संख्येने बुडतात. त्याचा फोटो कोणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात दांडा घेतलेला माणूस दिसत नाही.

"बंदुका आणि स्नोमोबाईल आल्या, मग परंपरा कसली?"

आपल्याकडे पुरण पाट्यावर वाटलं जायचं. मग पुरणयंत्र आलं, मग मिक्सर. होळीची पोळी त्यामुळे परकी झाली का? बैल जाऊन ट्रॅक्टर आला म्हणून कोणी शेतकऱ्याला "तू आता शेतकरी नाहीस" म्हणत नाही. पण दूरच्या माणसाने मात्र म्युझियममधल्यासारखं राहावं, हार्पूनच धरावा, इग्लूतच झोपावं, अशी आपली अपेक्षा असते. तो जरा हलला की त्याचा हक्क गेला.

खरं तर स्नोमोबाईलमुळेच पुढचा मुद्दा कळतो. १९५०-६० च्या दशकांत इनुइटांना विखुरलेल्या तळांवरून गावांत आणून वसवलं गेलं. गाव एका जागी, सील दूर. मग तिथवर जायला मशीन लागलं, मशीनला पेट्रोल, रायफलला गोळ्या, आणि या सगळ्याला रोख पैसा. तो कुठून यायचा? कातड्यातून. सील मारला की मांस घरात, नातेवाइकांत, म्हाताऱ्यांकडे वाटलं जायचं. ते विकायची रीत नव्हती. उरलेलं कातडं दुकानात द्यायचं आणि त्या पैशातून पुढच्या फेरीचं पेट्रोल भरायचं. कातडं नफ्यासाठी नव्हतं, गाडीभाड्यासाठी होतं.

आता हेच न्यूफाउंडलंडच्या शेजारी ठेवून बघा. आमचे जुने घरमालक सत्तरीचे, तरुणपणी दर वसंतात शिकारीला जायचे. त्यांना एकदा विचारलं होतं, मांसाचं काय करायचात? म्हणाले, "फ्लिपर आणायचो. बाकी बहुतेक बर्फावरच टाकून यायचो." उत्तरेत मांसासाठी मारतात आणि कातडं उरतं, इथे कातड्यासाठी मारायचे आणि मांस उरायचं. मला विचाराल तर या सगळ्या वादातला खरा फरक एवढाच आहे, आणि मेसेजने नेमका तोच पुसून टाकला आहे.

"इनुइटांना सूट होती, त्यांचं काही बिघडलं नाही."

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात निष्काळजी मुद्दा हाच आहे.

१९८३ मध्ये युरोपीय समुदायाने पांढऱ्या हार्प पिल्लांच्या आणि हूडेड सीलच्या निळसर पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. त्या आदेशात स्पष्ट लिहिलं होतं की इनुइटांच्या पारंपरिक शिकारीला हा लागू नाही. आणि मोठ्या झालेल्या नत्सिकचं कातडं तर मुळात त्या बंदीत नव्हतंच. कागदावर त्यांना दुहेरी कवच होतं.

आणि झालं काय? कॅनडाच्या टोकाला, पंच्याहत्तराव्या अक्षांशाच्या जवळ, रेझोल्यूट नावाची चिमुकली वस्ती आहे. तिथल्या लोकांना १९८२ मध्ये सीलच्या कातड्यांतून सुमारे ५४ हजार डॉलर मिळाले होते. पुढच्या वर्षी मिळाले हजाराच्या जवळपास. चोपन्न हजाराचे एक हजार, एका वर्षात.

कारण दुकानात कोट बघणारी बाई कातडं नत्सिकचं की हार्पचं, इनुइटाने मारलं की मच्छीमाराने, असं विचारत नाही. ती 'सील' हा शब्द वाचते, तिला पोस्टरवरचे ते काळे डोळे आठवतात, आणि ती पुढे जाते. सूट कायद्यात होती, गिऱ्हाइकाच्या मनात नव्हती. कातडं पडून राहिलं, पेट्रोलचे पैसे संपले, फेऱ्या कमी झाल्या आणि ताटातलं मांस गेलं.

त्यात रेझोल्यूटची माणसं तिथे आली कशी, हेही बघा. १९५३ मध्ये आणि नंतर १९५५ मध्ये कॅनडा सरकारने उत्तर क्वेबेकमधल्या इनुक्जुआकची कुटुंबं उचलली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, जिथे हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य उगवत नाही अशा जागी नेऊन सोडली. तिकडे शिकार भरपूर आहे असं सांगितलं, आवडलं नाही तर परत आणू असंही सांगितलं. परत आणलं नाही. सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. म्हणजे आधी "शिकारीवर जगा" म्हणून तिथे नेलं आणि तीस वर्षांनी जगाने त्याच शिकारीला गिऱ्हाईक नाकारलं.

२००९ मध्ये युरोपने सगळ्याच सील-उत्पादनांवर बंदी आणली, पुन्हा इनुइटांसाठी सूट ठेवून. गंमत म्हणजे ज्यांना सूट दिली, त्यांच्याच संघटना या कायद्याविरुद्ध युरोपच्या न्यायालयात गेल्या, आणि हरल्या. सूट वापरायला प्रमाणपत्र लागतं, आणि कॅनडाच्या इनुइटबहुल नुनावुत प्रदेशाला ते द्यायचा अधिकार मिळेपर्यंत २०१५ उजाडलं. तोवर बाजार राहिला होता कुठे?

कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेकडे गेले. २०१४ मध्ये तिथे निकाल लागला की नीतिमत्तेच्या कारणावरून युरोप अशी बंदी घालू शकतो, फक्त सूट देण्याच्या पद्धतीत भेदभाव आहे, तो दुरुस्त करा. नीतिमत्ता हे कारण मला मान्य आहे. पण त्याच युरोपात डेन्मार्कमध्ये पिंजऱ्यांत मिंक वाढवून त्यांची फर विकण्याचा धंदा जोरात चालू होता. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने तिथे मिंक मारायला घेतले तेव्हा लोकांना आकडा कळला: दीड कोटीच्या वर. आपल्या अंगणातल्या पिंजऱ्याला एक नियम आणि दुसऱ्याच्या बर्फाला दुसरा.

त्याच २०१४ च्या जूनमध्ये ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने इनुइटांची जाहीर माफी मागितली. १९७० च्या दशकात सीलविरोधी मोहीम गाजवणाऱ्यांतली ही संस्था. व्यापारी शिकारीला आमचा विरोध होता, पण त्यात तुमचं नुकसान झालं, असा त्या माफीचा अर्थ. ही बातमी कोणाच्या ग्रुपवर आली होती का, मला शंका आहे.

आमच्या ग्रुपवर मामेभावाने मध्येच टाकलं, "त्यांनी भाजीपाला खावा की मग!" नुनावुतमध्ये पंचवीस वस्त्या आहेत आणि एकही रस्त्याने बाहेरच्या जगाशी जोडलेली नाही. जमीन बारमाही गोठलेली. कोबीसुद्धा विमानाने येतो, आणि विमानाचं भाडं घेऊनच ताटात पडतो. २००७-०८ च्या आरोग्य पाहणीत तिथल्या जवळजवळ ७० टक्के घरांत पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. त्यांना शाकाहार शिकवणारा मी कोण?

"सतीसुद्धा परंपराच होती."

हा मुद्दा मात्र खरा आहे. एखादी गोष्ट आजोबा-पणजोबांपासून चालत आली, एवढ्याने ती योग्य ठरत नाही. आपण सती सोडली आणि बरं झालं.

फक्त तो चुकीच्या दाराशी नेऊन ठेवलाय. इनुइट काय म्हणतात ते ऐका. "परंपरा आहे म्हणून आम्हाला हात लावू नका" असं ते क्वचितच म्हणतात. ते म्हणतात, हे आमचं जेवण आहे. मे २००९ मध्ये, युरोपच्या संसदेने बंदीच्या बाजूने मत दिल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा कॅनडाच्या गव्हर्नर जनरल मिकाएल जाँ रँकिन इनलेट या इनुइट गावी गेल्या होत्या. मूळच्या हैतीच्या. गावजेवणात समोर ताजे सील ठेवलेले. त्यांनी हातात उलू घेतला. उलू म्हणजे आपल्या पुरणपोळीच्या उलथन्याला धार लावावी तसा अर्धगोल सुरा, बायकांच्या हातातला. त्याने कापायला मदत केली आणि हृदयाचा एक तुकडा कच्चा खाल्ला. जगभर आरडाओरड झाली. त्या गावात मात्र पाहुणीने पानातलं खाल्लं, एवढंच झालं होतं.

सतीची तुलना लागू पडतेच कुठे, तर ती इथे माझ्या दारात, न्यूफाउंडलंडमध्ये. कारण 'परंपरा' हा शब्द इथे फार वापरला जातो. त्यामागे खरं दुःखही आहे. १९१४ च्या वसंतात 'न्यूफाउंडलंड' नावाच्या जहाजाचे लोक शिकारीला उतरले आणि दोन रात्री वादळात बर्फावरच अडकले. ७८ जण गेले. इथल्या जुन्या घरांत अजून त्याच्या गोष्टी सांगतात. १९९२ च्या जुलैमध्ये कॉड मासळी संपली म्हणून सरकारने मासेमारीच बंद केली आणि तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम एका दिवसात गेलं. कॉड संपवला तो ट्रॉलरांनी आणि चुकलेल्या सरकारी हिशोबांनी, पण दोषी म्हणून बोट दाखवायला सील सोपा होता. घरमालक म्हणाले होते, "सीलसाठी नट्या हेलिकॉप्टरने आल्या. कॉड गेला तेव्हा आमच्यासाठी कोणी आलं नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण आजोबा बर्फावर गोठून मेले म्हणून नातवाच्या कातड्याच्या धंद्याला आपोआप मान्यता मिळत नाही. मांस टाकून फॅशनच्या दुकानासाठी कातडं काढायचं, आणि गिऱ्हाईक उरलं नाही तरी सरकारने कोटा जाहीर करत राहायचं, याला परंपरा म्हणणं मला पटत नाही. पिकअपवरचा फ्लिपर घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याशी माझं भांडण नाही. तो निदान खातो.

राहिला बहिष्कार. तो मावशीने सांगलीत बसून टाकायचा कशावर? भारताने २०१८ मध्येच सीलच्या कातड्याची आयात बंद केली आहे, आणि सीलचा कोट घालून गणपती पेठेत फिरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आपल्या खिशातून काही जात नाही म्हणून तर हा मेसेज इतका सहज पुढे जातो. १९८३ मध्येही पोस्टर लावणाऱ्यांच्या खिशातून काही गेलं नव्हतं. गेलं ते रेझोल्यूटच्या.

मावशीला एवढं सगळं लिहिलं नाही. एवढंच कळवलं की मारणं खरं, पण फोटो जुना आणि माणसं भलतीच. तिचं उत्तर आलं, "मग डिलीट करू का? मी तर भजनी मंडळाच्या ग्रुपवर पण टाकलाय."

म्हटलं, राहू दे. पण त्याच ग्रुपवर खाली अजून एक ओळ टाक: रेझोल्यूट, १९८२ मध्ये ५४ हजार डॉलर, पुढच्या वर्षी एक हजार.